वाचकांचे प्रश्न : टोपणनावाआडचा कादंबरीकार

प्रश्न : माझ्या दोन सामाजिक कादंबऱ्या माझ्या नावाने प्रसिद्ध झाल्या आहेत. आता पुरुषांमधील प्रेमाविषयी, शरीरसंबंधांचे वर्णन न टाळता, टोपणनावाने लिहावे असे मनात आहे. एका ज्येष्ठ लेखकमित्रांच्या मते हे पातळी सोडणे आहे आणि टोपणनाव घेणे हा भित्रेपणा आहे. गंभीर कादंबरीकाराने असे लेखन केल्याचे उदाहरण आहे का?
— एक लेखक, सोलापूर

उत्तर : आपल्या मित्रांचे दोन्ही आक्षेप मला मान्य नाहीत. सॅम्युअल स्ट्यूअर्ड या अमेरिकन लेखकाचे उदाहरण येथे नेमके लागू पडते. त्यांचा जन्म 1909 मध्ये ओहायो राज्यातील वुड्सफील्ड या गावी झाला. इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट मिळवून ते प्राध्यापक झाले आणि 1936 मध्ये त्यांची पहिली कादंबरी स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यात समलिंगी शृंगार नव्हता. एका वेश्येची व्यक्तिरेखा मात्र सहानुभूतीने रंगवलेली होती. तेवढ्यावरून त्यांना वॉशिंग्टन राज्यातील प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. गर्ट्रूड स्टाइन यांच्यासारख्या लेखिकेशी ज्यांचा घरोबा होता, त्या या लेखकाच्या नावावर पुढची जवळजवळ पाच दशके दुसरी कादंबरी आली नाही.

या मधल्या काळात ते लिहीत होते, पण निरनिराळ्या नावांनी. 1940च्या दशकात इलिनॉय राज्यातील दंतवैद्यांच्या नियतकालिकात त्यांनी फिलिप स्पॅरो या नावाने ललित लेख लिहिले. पुढे शिकागोत प्राध्यापक असतानाच त्यांनी साउथ स्टेट स्ट्रीटवर गोंदणाचे दुकान काढले, तेही फिल स्पॅरो या नावाने. झुरिकहून निघणाऱ्या ‘डेअर क्राइस’ या समलिंगी पुरुषांच्या मासिकासाठी त्यांनी कथा पाठवल्या, तेव्हा ‘सॅम स्ट्यूअर्ड’ या नावातील रोमन अक्षरे उलटसुलट करून ‘वॉर्ड स्टेम्स’ हे नाव तयार केले. त्या मासिकाचा संपादक उघड वर्णन छापत नसे, त्यामुळे तिथल्या कथांना संयम पाळावा लागे. डेन्मार्कमधील मासिकांत अधिक मोकळीक मिळाली आणि तिथे फिल अँड्रॉस हे नाव रुजले.

फिल अँड्रॉस हा पुस्तकावरचा लेखकही आहे आणि कथेतला निवेदकही. ग्रीक वंशाचा, महाविद्यालयात शिकलेला हा तरुण पुरुषांना शरीर विकून पोट भरतो. तो गिऱ्हाइकाच्या घरात शिरतो तेव्हा त्याची नजर आधी माणसावर जाते: हा कोणत्या वर्गातला, याला कशाची लाज वाटते, आपल्या दोघांत खरी सत्ता कोणाकडे आहे, पैसे देणाऱ्याकडे की घेणाऱ्याकडे. ही नजर आयती आलेली नव्हती. स्ट्यूअर्ड आपल्या प्रत्येक शरीरसंबंधाची नोंद, ग्रंथालयात असतात तशा कार्डांवर, वर्षानुवर्षे ठेवत असत. लैंगिकतेचे संशोधक आल्फ्रेड किन्से यांची त्यांच्याशी 1949 मध्ये गाठ पडली, तेव्हा या नोंदींचे मोल त्यांनी ताबडतोब ओळखले. पोलीस, खलाशी, विद्यार्थी, संसारी गृहस्थ यांचे जे जग त्या काळच्या प्रतिष्ठित कादंबरीत येऊच शकत नव्हते, त्याचा अस्सल दस्तऐवज या शृंगारकथांत उतरला आहे. पुढच्या काळातील स्वस्त कागदी बांधणीच्या कादंबऱ्यांपैकी काही एकाच साच्यातल्या वाटतात, हे खरे. परंतु चांगल्या कथांमध्ये प्रणयप्रसंग संपतो तेव्हा दोन माणसांमधले काहीतरी बदललेले असते. आपण लिहाल तेव्हा प्रत्येक प्रसंगाला हाच प्रश्न विचारावा. प्रसंगाने काहीच बदलत नसेल, तर तो कितीही धीट असला तरी कादंबरीत त्याचे काम नाही. लेखनाची पातळी यावर ठरते. विषयावर ती ठरत नाही.

भित्रेपणाबद्दल सांगायचे तर, तो काळ डोळ्यांसमोर आणावा. पुरुषांमधील शरीरसंबंध 1961 पर्यंत अमेरिकेतील प्रत्येक राज्यात गुन्हा होता. तो कायदा रद्द करणारे पहिले राज्य इलिनॉय. समलिंगी वाचकांसाठी काढलेली मासिके टपाल खाते अश्लील ठरवून अडवीत असे. 1962 मध्ये ‘मॅन्युअल एंटरप्रायझेस विरुद्ध डे’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा मासिकांच्या बाजूने निकाल दिला. हा खटला लढणाऱ्या हर्मन लिन वोमॅक यांच्याच प्रकाशनसंस्थेने 1966 मध्ये फिल अँड्रॉसचा ‘स्टड’ हा कथासंग्रह छापला. ज्या माणसाची नोकरी एका वेश्येच्या व्यक्तिरेखेने घालवली होती, त्याने या विषयावर खरे नाव घालायला हवे होते, असे म्हणणे मला निर्दयपणाचे वाटते. टोपणनावामुळेच त्यांच्या हातून पुन्हा लेखन झाले. वाऱ्याची दिशा बदलल्यावर त्यांनी आपले आयुष्य लपवलेही नाही; 1981 मध्ये आत्मचरित्रपर पुस्तक स्वतःच्या नावाने काढले. 1993 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 2010 मध्ये जस्टिन स्प्रिंग यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. आज त्यांची पहिली कादंबरी फारशी कोणी वाचत नाही. फिल अँड्रॉसच्या कथा मात्र अभ्यासकांना वाचाव्या लागतात.

प्रश्न : असे मराठी लेखन आज कायदेशीर आहे का? आणि टोपणनाव घेतल्यास पुस्तकावरील हक्क जातो का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत, परंतु अश्लीलतेचा कायदा वेगळा आहे आणि तो कायम आहे. पूर्वीच्या दंड संहितेतील कलम 292 ची जागा आता भारतीय न्याय संहितेतील कलम 294 ने घेतली आहे. साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला त्यात अपवाद आहे, मात्र तो न्यायालयात सिद्ध करावा लागतो. इंटरनेटवरील प्रकाशनाला माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे 67 आणि 67अ लागू होतात व तेथील शिक्षा अधिक कडक आहे. पात्रे निःसंदिग्धपणे सज्ञान असावीत, याबाबतीत कोणतीही सूट घेऊ नये.

मराठीला हे खटले नवे नाहीत. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून र. धों. कर्वे यांच्यावर 1934 मध्ये खटला झाला. त्यांतली काही उत्तरे समलिंगी संबंधांविषयी होती. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरीही कर्व्यांना दंड भरावा लागला. मी ज्या प्रकारच्या सदरातून हे लिहीत आहे, तशाच सदरासाठी त्यांनी तो भरला, म्हणून त्यांचे ऋण मला फार मोठे वाटते. पुढे ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातील कथेबद्दल चंद्रकांत काकोडकर यांच्यावर खटला झाला आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. 2014 च्या अवीक सरकार खटल्यापासून सुटे उतारे न पाहता संपूर्ण कलाकृती आणि समकालीन समाजाची दृष्टी पाहिली जाते. असे असले तरी छापण्यापूर्वी वकिलाला हस्तलिखित दाखवावे.

टोपणनावाने हक्क जात नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 23 नुसार अशा पुस्तकाला प्रकाशनानंतर 60 वर्षे संरक्षण असते, आणि त्या मुदतीत लेखकाची ओळख जाहीर झाली तर लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. करार मात्र खऱ्या नावानेच करावा आणि पुस्तकावर कोणते नाव जाईल व ओळख कोणाकोणाला सांगता येईल, याची अटही त्यात लिहून घ्यावी. मानधन बँकेत जमा होते, त्यासाठी पॅन द्यावा लागतो, त्यामुळे प्रकाशकाच्या हिशेब विभागाला आपले नाव कळणारच. मसुद्याच्या तारखेसह प्रती जपून ठेवाव्यात.

प्रश्न : मी समलिंगी आहे. आमच्याविषयीच्या अशा अनेक इंग्रजी कादंबऱ्या पुरुषी नाव घेतलेल्या स्त्रिया लिहितात असे समजले. ही आमची फसवणूक नाही का?
— एक तरुण वाचक, नाशिक

उत्तर : नाव बदलणे ही फसवणूक नाही, कोणाचेही आयुष्य कल्पनेने लिहिण्याचा अधिकार कादंबरीकाराला असतो आणि स्त्रियांनाही तो तितकाच आहे. परंतु लेखकाने टोपणनावासोबत खोटे चरित्रही रचले, आपण स्वतः समलिंगी पुरुष असल्याचे सांगून वाचकांचा विश्वास मिळवला, दुःखे सांगितली, सल्ले दिले, तर आपला राग पूर्णपणे रास्त आहे. सोलापूरच्या लेखकांनाही माझी हीच विनंती आहे की, मलपृष्ठावरील परिचयात काही सांगायचे नसेल तर ती जागा कोरी सोडावी.