कोकणात गावातल्याच सामानाने, कमी खर्चात, मुलांना खेळावंसं वाटेल अशी बालवाडी कशी बांधावी?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीजवळ गावात तीन गुंठे उताराची जागा मिळाली आहे, मुलं पंचवीस-तीस, पैसे बेताचे. कंत्राटदार म्हणतोय, जमीन सपाट करून स्लॅबची एक खोली उभी करू आणि पुढे प्लॅस्टिकची घसरगुंडी ठेवू. मी सिंधुदुर्गात जांभा आणि बांबूची कामं करते. माझं म्हणणं एवढंच: खोली लहान ठेवा, पडवी मोठी करा, आणि जेसीबी आत शिरायच्या आधी थांबवा.

उतार हा तुम्हाला फुकट मिळालेला खेळ आहे. शिडीच्या घसरगुंडीवरून पोर पडलं तर सहा फुटांवरून पडतं. उतारालाच टेकवलेल्या घसरगुंडीवरून पडायला उंचीच नसते. पायाच्या खोदाईची माती ट्रॅक्टरने बाहेर पाठवू नका. एका कोपऱ्यात तिचा ढिगारा करा, पावसात वाहून जाऊ नये म्हणून वर हरळी लावा. मुलं दिवसभर त्यावर चढतील-उतरतील.

पडवी शक्य असेल तर चारही बाजूंनी फिरवा. जपानमध्ये टोकियोजवळ तचिकावाला फुजी बालवाडी आहे, ताकाहारु आणि युई तेझुका या वास्तुरचनाकारांनी 2007 साली पूर्ण केलेली. तिचं छप्परच लांबट गोल आहे आणि मुलं त्यावर फेऱ्या मारत पळत असतात, कारण वाट कुठे संपतच नाही. आपल्याला छपरावर जायची गरज नाही. कोकणातलं जुनं घर बघा, पडवीतून निघालेलं पोर मागच्या दारी फिरून परत पुढे येतंच. नैऋत्येकडून पाऊस आडवा मारतो, म्हणून त्या बाजूचं छप्पर जास्त खाली उतरवा. पडवीच्या कडेचा कट्टा दहा-बारा इंचांचाच ठेवा, पायरी चार-पाच इंचांची. मोठ्यांना अवघडल्यासारखं होईल, होऊ दे.

भिंतीला चिराच, म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगडच वापरा. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो, त्यामुळे गवंड्याला त्यात हवे ते कोनाडे सहज करता येतात. जाड भिंतीत एक कोनाडा जमिनीलगत असा ठेवा, की एक मूल पाय पोटाशी घेऊन त्यात बसू शकेल. रडणारी, रुसलेली मुलं आपणहून तिथे जाऊन बसतात. बाहेरून भिंतीला गिलावा नको, सांधे भरले की झालं. आतून मात्र चिऱ्याला कोपर घासून सोलवटतं, तेव्हा खालचे तीन फूट गुळगुळीत गिलावा करून काळा रंग द्या. खोलीभर फळा झाला. वरच्या भागाला चुना.

खिडकीची खालची कड जमिनीपासून दीड फुटावर हवी, म्हणजे बसलेल्या मुलालाही बाहेरचं दिसतं. गज उभेच लावा. आडव्या गजांची लगेच शिडी होते. दोन गजांमधलं अंतर चार इंचांच्या आत ठेवा, नाहीतर डोकं अडकतं. इथे तडजोड करू नका.

छपराचा प्रश्न मोठा आहे, कारण वानरं. कौलं फुटतात म्हणून गावोगाव लोक पत्र्यावर गेले. पण नुसत्या पत्र्याखाली आषाढात बाईंचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नाही. पत्रा खाली आणि वर मंगलोरी कौलं (कौल फुटलं तरी खाली पत्रा असतोच), हा उपाय खर्च वाढवतो, तरी बालवाडीसाठी मी तोच सांगेन. दोन-तीन ठिकाणी पत्र्याला झरोका ठेवून वर काचेची कौलं बसवा. जमिनीवर पडलेला उन्हाचा चौकोन सकाळभर सरकत राहतो. मुलं खडूने त्याची कड आखून ठेवतात आणि तो पुढे गेला की ओरडून सांगतात. घड्याळ शिकवायच्या आधीचा हा धडा, यापेक्षा चांगला मला माहीत नाही.

बांबू म्हणजे आपला माणगा, भरीव आणि जवळजवळ बिनकाट्याचा. तीन वर्षांच्या पुढचाच तोडा, आणि टाकणखार व बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून मग वाळवा. कोवळ्या, तसाच वापरलेल्या बांबूला भुंगा पोखरतो. खांब जमिनीत गाडू नका, दगडाच्या बैठकीवर उभे करा. जिथे हात लागतो तिथे कापलेल्या कडा घासून घ्या.

पागोळ्या पडतात त्या रेषेत उथळ उघडी पन्हळ करा, तळाला गोटे घाला. पावसाळ्यात तीच होड्यांची नदी. पाणी साचता मात्र कामा नये. जुने टायर आणणार असाल तर त्यांना भोकं पाडा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते. झोका आंब्याच्या दणकट फांदीला बांधा. शेवग्याला अजिबात नको, काडकन मोडतो. कण्हेर, एरंड, चंद्रज्योत, गुंज कुंपणालासुद्धा नकोत. चंद्रज्योतीच्या बिया मुलं शेंगदाण्यासारख्या खातात आणि थेट दवाखान्यात पोचतात.

खेळण्यांवर पैसे घालू नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं, ते शिंपले, बिया, खडे, पानं यांच्यावरच. आपल्या किनाऱ्यावर तर शिंपल्यांना तोटा नाही. करवंट्या, काथ्याचे दोर, नारळाच्या पोयी (फुलोऱ्यावरची वाळकी आवरणं), सगळं एका उघड्या फळीवर, मुलांचा हात पोचेल असं. वाचलेले पैसे संडासात घाला: लहान भांडं, दीड फुटावर नळ, आणि आतून अडकणार नाही अशी कडी.

चिरा दिवाळीनंतर लगेच आणून टाका. मृगाच्या आत कौलं चढलीच पाहिजेत. उतार कुठल्या दिशेला आहे आणि जागेत कोणती झाडं आहेत तेवढं कळवा, म्हणजे दार कुठे ठेवायचं ते सांगता येईल.