दाढी करताना कापलं तर

सेफ्टी रेझर घेतलास, छान केलंस. पहिले काही दिवस कापेलच, तेव्हा घाबरू नकोस. हनुवटीवर बारीकसं कापलं तरी रक्त खूप येतं, कारण चेहऱ्याला रक्तपुरवठाच भरपूर असतो.

आधी गार पाण्यानं धू. मग स्वच्छ कापडाची घडी दाबून धर, ५ मिनिटं, आणि मध्येमध्ये उचलून बघू नकोस. सगळे इथंच चुकतात. धरत आलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. त्यानंतर तुरटी. इंदूरच्या सियागंज बाजारात कुठल्याही किराणा दुकानात खडा मिळेल. ओला करून हलक्या हातानं टेकव. तुरटीनं कातडी आकसते आणि रक्त थांबतं. थोडं झोंबेल. खडा तुझा एकट्याचाच ठेव, ब्लेडसुद्धा. रक्तातून हिपॅटायटिस बी आणि सी प्रकारची कावीळ पसरते. जखमेत टूथपेस्ट किंवा पावडर अजिबात भरू नकोस. १५ मिनिटं दाबूनही थांबलं नाही, तर डॉक्टरांकडे जा. घरात कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर त्यांना हा रेझर देऊ नकोस.

आता मुळात कशामुळे कापतं, ते बघ. बहुतेक वेळा हात जड पडतो. रेझरच्या वजनानंच दाढी होऊ दे, ब्लेड गालाशी साधारण ३० अंशांत धर, पहिला हात केसांच्या दिशेनंच. नळाला नर्मदेचं पाणी नसेल त्या दिवशी बोअरच्या जड पाण्यावर फेस नीट धरत नाही. तेव्हा माठातलं गाळलेलं पाणी वापरण्यापेक्षा साबण थोडा जास्त घे आणि ब्रश जरा वेळ फिरव. माझे निम्मे काप अशाच पातळ फेसामुळे झाले होते.