बायोप्सीत 'फक्त दाह' आला म्हणजे गाठ नाही, असं धरू नका

तुमच्या बहिणीबद्दल वाचून राहवलं नाही. एमआरआयमध्ये गाठ, स्टेरॉइडने ती विरघळल्यासारखी झाली, मग बायोप्सीत 'दाह आहे, कर्करोगाच्या पेशी नाहीत', आणि आता डॉक्टर एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटते) समजून उपचार करू म्हणतायत. माझ्या भावाचं अगदी हेच झालं. शेवटी निघाला मेंदूचा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग.

मी डॉक्टर नाही आणि बहिणीला खरंच एमएस असूही शकतो. त्यातही गाठीसारखे मोठे डाग दिसतात. पण आधी एक शोधा: बायोप्सीपूर्वी स्टेरॉइड किती दिवस चालू होतं, डोस काय होता?

मेंदूत सुरू होणारा लिम्फोमा बहुतेकदा बी-पेशींचा (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) असतो आणि डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने त्या पेशी भराभर मरतात. गाठ आकसते, कधी दिसेनाशीच होते. मग तिथला तुकडा घेतला की हाती लागतात मॅक्रोफेज आणि टी-पेशी, म्हणजे नुसत्या दाहात दिसणाऱ्या पेशी. स्टेरॉइडने बरं वाटलं यावरून काहीच ठरत नाही, सारकॉइड या दाहाच्या आजारातही वाटतं.

भावाला पहिल्या हॉस्पिटलने आल्या आल्या डेक्सा लावलं. मेंदूतला दाब वाढून जिवावर बेतलं असेल तर द्यावंच लागतं, त्याबद्दल वाद नाही. पण हा शुद्धीत होता, चालत होता! त्यावर कडी म्हणजे बायोप्सीच्या फॉर्मवर 'आधीची औषधं' हा रकाना कोरा. पॅथॉलॉजिस्टला कळणार कसं? पुढे दुसऱ्या मतासाठी ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले बायोप्सीचे तुकडे) मागितले, तर रेकॉर्ड विभागाचं उत्तर, "रिपोर्ट दिलाय ना, ब्लॉक कशाला?" कधी सही नाही, कधी साहेब रजेवर. या टोलवाटोलवीत गाठ मेंदूच्या दुसऱ्या बाजूला उगवली. आजही आठवलं की संताप होतो. तुम्ही लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ब्लॉक मिळवा आणि फक्त मेंदूचंच पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, स्टेरॉइडच्या तारखांसकट.

स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका, ते धोक्याचं आहे. डॉक्टरांनी कमी करत आणलं की पुढचा एमआरआय कधी, ते तेव्हाच ठरवून घ्या. डाग परत वाढला तर पुन्हा बायोप्सीचा आग्रह धरा. स्टेरॉइड न देताही आधी नुसता दाह आणि काही महिन्यांनी लिम्फोमा, असं झालेले रुग्ण आहेत. म्हणून माझं मत, एका रिपोर्टवर फाइल बंद करू देऊ नका.

डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी (नेत्रतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकातून करतात ती) मात्र नक्की करा, दृष्टी चांगली असली तरी. हा लिम्फोमा डोळ्यातही असतो आणि कधी निदान तिथूनच होतं. पाठीतलं पाणी काढणं सुरक्षित असेल तर त्यात लिम्फोमाच्या खुणा शोधणाऱ्या तपासण्यांबद्दल विचारा: फ्लो सायटोमेट्री (पेशींचे प्रकार ओळखणारी), आयएल-१० (एक प्रथिन) आणि एमवायडी८८ (एका जनुकातला बदल).

बहिणीचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. ती लहान असेल आणि डाग मेंदूतल्या पिनिअल किंवा पिट्युटरी ग्रंथीजवळ असेल, तर जर्मिनोमाचाही (जननपेशींपासून होणाऱ्या गाठीचा) विचार व्हायला हवा. त्यातही कधीकधी तुकड्यात दाहाच्या गाठीच भरतात आणि खऱ्या पेशी निसटतात. रक्तातलं आणि पाठीच्या पाण्यातलं एएफपी, बीटा-एचसीजी (अशा गाठींच्या खुणा दाखवणाऱ्या तपासण्या) झालंय का बघा.

आणि एमआरआय डायकॉमच्या (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइलींच्या) सीडीवर घ्या. नुसत्या फिल्मवर दुसरा डॉक्टर नीट तुलना करू शकत नाही.