न मागता आलेली वाटी

मागच्या अंकात जपानच्या प्रवासाबद्दल लिहिलं आणि नंतर जी पत्रं आली त्यातली निम्मी इझाकायाबद्दलच होती, म्हणजे बसून प्यायच्या आणि सोबत थोडंथोडं खायच्या जपानी दुकानांबद्दल, म्हणून यावेळी तेवढाच विषय घेतलाय.

प्रश्न : ताई, ऑफिसने मला टोकियोला पाठवलंय, येऊन दोनच आठवडे झालेत. पुढच्या शुक्रवारी टीमने माझ्यासाठी वेलकम पार्टी ठेवलीय, इझाकायात. मी पीत नाही, मटण-चिकन-मासे काहीच खात नाही, अंडं चालतं. नाही म्हणावं तर वाईट दिसेल, जावं तर सगळ्यांसमोर उपाशी बसायचं का?

उत्तर : जा. नक्की जा. ऑफिसात वर्षभर जे बोलत नाहीत ना ते लोक तिथे पहिल्या अर्ध्या तासात बोलायला लागतात, आणि तुमच्यासाठीच ठेवलेली पार्टी आहे ती.

न पिण्याचं अजिबात टेन्शन घेऊ नका. उलाँग चहा मागवा, थंड, मोठ्या ग्लासात बर्फ घालून येतो, जिंजर एल मिळतं, बिनअल्कोहोलची बिअर पण बहुतेक ठिकाणी असते. फक्त एक करा, ग्लास आला की लगेच तोंडाला लावू नका, सगळ्यांचे येईपर्यंत थांबा आणि कानपाई, म्हणजे त्यांचं चिअर्स, झाल्यावरच प्या. तुमच्या ग्लासात काय आहे हे कोणी बघत नाही, सगळ्यांबरोबर ग्लास उचलला का हे दिसतं. आणि शेजारच्याचा बिअरचा ग्लास रिकामा होत आला असेल आणि टेबलावर बाटली असेल तर तुम्ही ओता, स्वतः पीत नसलात तरी. खूप आवडतं त्यांना ते.

खाण्याचं मात्र आधी बघावं लागेल. ऑफिसची पार्टी म्हणजे बहुतेक वेळा कोर्स ठरलेला असतो, त्याला जोडून नोमिहोदाई, म्हणजे ठरावीक वेळात हवं तेवढं प्या, साधारण 2 तास आणि शेवटची ऑर्डर अर्धा तास आधी. तुम्ही तिथे जाऊन ऐनवेळी सांगितलंत तर किचनला काही करता येत नाही. पार्टी ठरवणारा जो कोणी असेल, त्याला कान्जी म्हणतात, त्याला आजच सांगा. आणि "मी व्हेजिटेरियन" एवढंच सांगून थांबू नका, कारण त्यावर तुम्हाला छान सॅलड येईल आणि वरती माशाचा कीस असेल, त्यांच्या मनात काही वाईट नसतं, मांस नाही म्हणजे झालं असं वाटतं. "मांस नको, मासे नको, दाशी पण नको" असं एकेक सांगा.

दाशी म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, स्टॉकसारखं, जे सूपमध्ये, सॉसमध्ये, भाज्या शिजवताना सगळीकडे पडतं, आणि ते बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं असतं, वाळवून धुरी दिलेला मासा पातळ किसलेला. गरम पदार्थावर तो कीस टाकला की वाफेने हलायला लागतो, अक्षरशः जिवंत असल्यासारखा. मी पहिल्यांदा भाजलेल्या वांग्यावर तो बघितला तेव्हा कांद्याचा पापुद्रा समजून अर्धं वांगं खाल्लं होतं, आणि कळल्यावर फार वाईट वाटलं. म्हणून सांगते, टेबलावर काही हलताना दिसलं तर आधी विचारा.

बिनधास्त काय खाता येईल? एदामामे, म्हणजे मिठाच्या पाण्यात उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा. थंड कापलेला टोमॅटो. बटरमधला मका. शिशितो मिरच्या भाजलेल्या, बहुतेक गोड निघतात, एखादी चावली की डोळ्यात पाणी. हियायाक्को हा थंड टोफू वर आलं आणि कांद्याची पात घालून देतात, पण कीस तिथेही असतो, मागवतानाच "कात्सुओबुशी नुकी दे" म्हणा, म्हणजे तो वगळून. भाज्यांचा तेंपुरा आला तर सोबतच्या वाटीतल्या सॉसमध्ये बुडवू नका, त्यात दाशी असते, मीठ मागून घ्या, मिठाबरोबर तो उलट जास्त कुरकुरीत लागतो. बटाट्याचं सॅलड बघून आपला हात आपोआप पुढे जातो पण त्यात हॅम असतं बरेचदा. आणि एवढं करूनही घरून थोडं खाऊन जा, म्हणजे लक्ष ताटाकडे न राहता माणसांकडे राहील.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको टोकियोतल्या शिंजुकूमध्ये एका इझाकायात गेलो. बसल्या बसल्या दोन छोट्या वाट्या आणून ठेवल्या, भाजीसारखं काहीतरी, आम्हाला वाटलं फुकट आहे. बिलात त्याचे 800 येन! आम्ही मागवलंच नव्हतं. ही फसवणूक नाही का?

उत्तर : नाही. राग येणं समजू शकते पण ही फसवणूक नाही. त्या वाटीला टोकियोकडे ओतोशी म्हणतात, ओसाकाकडे त्सुकिदाशी, आणि माणशी 300 ते 500 येन हा नेहमीचा भाव आहे, म्हणजे तुमचे 800 बरोबरच लागलेत.

हे पैसे वाटीचे नाहीत हो, बसायचे आहेत. इझाकाया या शब्दातच बसणं आहे, एदोच्या काळात, म्हणजे साधारण 1600 ते 1868 मध्ये, लोक दारूच्या दुकानातून दारू विकत घेऊन घरी न्यायचे, मग काही दुकानांनी तिथेच थांबून प्यायची सोय केली, 'इ' म्हणजे थांबणं-बसणं आणि 'साकाया' म्हणजे दारूचं दुकान. आपण मराठीत "आज बसायचं का?" म्हणतो तेव्हा समोरच्याला बरोबर कळतं ना काय म्हणायचंय? तसंच आहे हे. शिंजुकू स्टेशनच्या पश्चिमेला ओमोइदे योकोचो नावाची गल्ली आहे, युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून उभी राहिलेली, तिथली कितीतरी दुकानं एवढीशी आहेत की एका काउंटरला मोजकीच स्टुलं, मागून कोणी आलं तर पाठ आत घ्यावी लागते. अशा ठिकाणी दुकानदार खरं तर जागाच विकत असतो.

आणि ती वाटी नीट खाऊन बघा. काउंटरला बसलात तर याकीतोरीवाला कोळशावर चिकनचे तुकडे लावलेल्या काड्या फिरवत असतो, मध्येच अख्खी काडी सॉसच्या मडक्यात बुडवून परत आचेवर ठेवतो, याला वेळ लागतो, तोपर्यंत तुमच्यासमोर काहीतरी असावं म्हणून ती असते. कमळकाकडी, गाजर, समुद्री शेवाळ, त्या दिवशी जे केलं असेल ते. त्या एका वाटीवरून मला किचन कसं आहे ते कळतं.

नकोच असेल तर बसतानाच "ओतोशी नाशी दे" म्हणून बघा, काही चेन दुकानं ऐकतात, छोटी बहुतेक नाही ऐकत. चमचा लावल्यावर मात्र बोलू नका. खरी फसवणूक वेगळी असते, रस्त्यावर जो माणूस स्वस्त नोमिहोदाई म्हणून तुम्हाला ओढून नेतो ना, त्याच्यामागे कधीच जाऊ नका, शिंजुकूतल्या काबुकिचोमध्ये तर लाऊडस्पीकरवरून तशी सूचना देत असतात.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाला इझाकायात नेलं तर चालेल का? धूर असतो म्हणतात.

उत्तर : चालतं, संध्याकाळी लवकर गेलात तर चेन दुकानांत इतरही मुलं दिसतील. एप्रिल 2020 पासून कायद्याने आत सिगरेटला बंदी आहे पण जुन्या छोट्या दुकानांना सूट दिलीय, त्यांना दारावर पाटी लावावी लागते, आणि जिथे सिगरेट चालते तिथे 20 वर्षांखालच्यांना आतच घेत नाहीत. त्यामुळे दारावरची पाटी वाचा, नाही कळली तर दारातूनच मुलाकडे बोट दाखवून "दाइजोबु देसु का?", म्हणजे चालेल का, विचारा. आणि मोजे धुतलेले घाला सगळ्यांनी, बऱ्याच ठिकाणी बूट काढून कप्प्यात ठेवावे लागतात, त्या कप्प्याची किल्ली लाकडी पाटीची असते, मुलाच्या हातात दिलीत तर जेवण होईपर्यंत सोडणार नाही तो.