एमबीएला जाण्याआधी : प्रकल्पावरच्या एका मुलीला पत्र

पुणे
रविवार सकाळ

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर त्याच दिवशी देता आले असते, पण ते 'हो, कर' किंवा 'कशाला उगाच' एवढेच झाले असते, आणि ही दोन्ही उत्तरे तुला घरातून आणि ऑफिसच्या कँटीनमधून एव्हाना भरपूर मिळाली असतील. साडेचार वर्षे सॅपच्या, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, अंमलबजावणीची कामे केल्यावर आता व्यवस्थापनाची पदवी घ्यावी का, घ्यावी तर दोन वर्षांची की एक वर्षाची, देशात की परदेशात, आणि त्यासाठी कर्ज काढावे का, असे तू विचारले आहेस. मी याच वाटेने गेले आहे आणि वाटेत एकदा सपशेल आपटलेही आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

२०११ साली एका नामांकित संस्थेच्या मुलाखतीला मी गेले होते. 'एमबीए का?' या प्रश्नाचे उत्तर पाठ होते : तंत्रज्ञानाची बाजू मला समजते, आता व्यवसायाची बाजू समजून घेऊन नेतृत्वाची जबाबदारी घ्यायची आहे. पॅनेलवरच्या एका वयस्कर प्राध्यापकांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुम्ही ज्या कारखान्यात शेवटचे चौदा महिने बसलात, तो कारखाना पैसे कशावर कमावतो?" मी खरेदीचे मोड्युल, गोदामाची रचना, गो-लाइव्हची, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष चालू होण्याची, तारीख असे सांगू लागले. ते म्हणाले, "हे तुम्ही काय केलेत ते झाले. ते लोक काय करतात?" मला सांगता आले नाही. चौदा महिने रोज त्यांच्या कँटीनमध्ये जेवून, त्यांच्या प्रत्येक पुरवठादाराचा मास्टर डेटा (मूळ माहिती) स्वतः तपासूनही सांगता आले नाही. निवड झाली नाही, आणि ते योग्यच झाले.

घरी परतताना बसमध्ये मला एक जुना प्रसंग आठवला. हा प्रश्न मला वर्षभरापूर्वीच कोणीतरी हातात आणून दिला होता आणि मी तो टेबलावरच सोडून आले होते. चाकणमधल्या त्याच वाहनभागांच्या कारखान्यात खरेदीविभागाची कार्यशाळा चालू होती. मी पडद्यावर पेमेंट टर्म्सची, म्हणजे पैसे देण्याच्या मुदतींची, यादी लावली होती, ३०, ४५, ६०, ९० दिवस, आणि नव्या पुरवठादारासाठी आपोआप कोणती मुदत यावी एवढेच विचारत होते. अर्थविभागाचे प्रमुख कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. त्यांनी उलट मलाच विचारले, "मॅडम, तुमच्या मते किती ठेवावी?" मी आपल्या धंद्यातले ठरलेले उत्तर दिले, की तुम्ही सांगाल ती, सिस्टिममध्ये सगळे बसते. ते हसले. "सिस्टिममध्ये बसेल हो. पण हिशेबाला सोपे जावे म्हणून आपली वर्षाची खरेदी ३६५ कोटी धरा, म्हणजे दिवसाची एक कोटी. मुदत ४५ ची ६० केली की पंधरा कोटी रुपये आपल्याकडे पंधरा दिवस जास्त राहतात, आणि ते चक्र थांबतच नाही, म्हणजे कायमचेच राहतात. तेवढे बँकेच्या सीसी लिमिटमधून, म्हणजे मंजूर कर्जातून, उचलायला नकोत. अकरा-बारा टक्के व्याज धरले तर वर्षाला पावणेदोन कोटींच्या आसपास वाचले. आता सांगा, हे पैसे आले कुठून?" मी गप्प. तेच म्हणाले, "भोसरीत चार मशिने टाकून बसलेल्या माणसाच्या खिशातून."

मी '६०' वर खूण केली आणि पुढच्या ओळीकडे वळले.

पुढच्या वर्षी मला एका आयआयएमच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. (कागदोपत्री माझ्याकडे पदवी नाही, पदविका आहे, आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार २०१७ चा कायदा २०१८ च्या जानेवारीत लागू झाल्यावर मिळाला. इतक्या वर्षांत त्यावाचून माझे कुठे अडले नाही.) तिथे खेळत्या भांडवलाचा तास सुरू झाला तेव्हा वर्गात नौदलातून आलेला एक अधिकारी होता, एक डॉक्टर होती, साबण-तेल विकून आलेले दोघे होते, आणि सॅपच्या ज्या खिडकीत मुदतीचा तो आकडा भरला जातो ती खिडकी स्वतः उघडून पाहिलेली मी एकटीच होते. प्राध्यापक फळ्यावर जे मांडत होते ते सगळे मला चाकणच्या त्या माणसाच्या आवाजात ऐकू येत होते. त्या तासाने मला नवे दिले ते वेगळेच : हीच मुदत पुरवठादाराच्या ताळेबंदात कशी दिसते, ती ताणली तर तो भाव कसा वाढवतो किंवा मालाचा दर्जा कसा उतरवतो, आणि कायदा मध्ये कुठे येतो. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत हे २००६ च्या अधिनियमात आधीपासूनच होते, म्हणजे आम्ही ती मुदत बिनदिक्कत ६० केली तेव्हाही होते. आता तर २०२३ च्या वित्त अधिनियमापासून अशा पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून धरताच येत नाही. आज तू ज्या यादीवर खूण करतेस तिच्यामागे एवढे सगळे उभे आहे.

तेव्हा पदवी घ्यावी का, यावर माझे म्हणणे असे की तुझ्याजवळ असे दहा-बारा अडलेले प्रश्न असतील तर जरूर घ्यावी, आणि नसतील तर आधी ते गोळा करावेत. आपल्या कामाइतकी ते गोळा करण्याची सोय क्वचितच कुठे असेल. पंचविशीतल्या मुलीला कारखान्याचा खर्च, सवलतींची पत्रके, पडून राहिलेला साठा, हे सगळे उघडून दाखवणारी दुसरी नोकरी मला माहीत नाही. आपण मात्र ते 'रिक्वायरमेंट' म्हणून उतरवून घेतो आणि साइन-ऑफ (ग्राहकाची मंजुरी) मिळाला की विसरतो.

तू पत्रात कंटाळ्याबद्दल लिहिले आहेस : तीच टाइमशीट, तीच टेस्ट स्क्रिप्ट, रात्री साडेनऊचा तोच कॉल. कंटाळा खरा आहे, पण तो पदवीने जात नाही. माझ्या वर्गात आयटीतून आलेल्यांपैकी बरेच जण परत आयटीतच गेले, पगार वाढला, पदनाम बदलले, आणि साडेनऊचा कॉल दहाचा झाला. मीही तीन वर्षे कन्सल्टिंगमध्येच होते. कंपनीच्या बाजूला, खरेदी आणि पुरवठा साखळीत आले ती त्यानंतर. यात काही वाईट नाही, पण पदवी म्हणजे सुटका असे मनात धरून तीस लाखांचे कर्ज काढू नकोस.

आता वेळेविषयी. तू यंदाच अर्ज करायचे म्हणतेस. मी म्हणते, एक वर्ष थांब. तुझा सध्याचा प्रकल्प १ एप्रिलला गो-लाइव्ह होणार आहे. जुन्या ईसीसी प्रणालीची सॅपची मुख्य देखभाल २०२७ अखेर संपत असल्याने एस/४ हाना या नव्या प्रणालीकडे जाण्याची घाई सगळीकडेच आहे, आणि तुझा मॅनेजर ऑनसाइटचे (परदेशी ग्राहकाकडे जाऊन काम करण्याचे) गाजर दाखवतो आहे तेही त्याचमुळे. ते गाजर तू खा अथवा खाऊ नकोस, पण गो-लाइव्हनंतरचा पहिला महिनाअखेर सोडू नकोस. आजवर तू प्रत्येक वेळी हायपरकेअर (गो-लाइव्हनंतरच्या खास देखरेखीचा काळ) सुरू होताच दुसऱ्या प्रकल्पावर गेली आहेस. महिन्याची पुस्तके पहिल्यांदा बंद करताना साठ्याचा आकडा आणि खात्यातला आकडा जुळत नाही, तेव्हा अर्थविभाग, गोदाम आणि खरेदी ही मंडळी एका खोलीत कशी भांडतात हे एकदा बसून पाहा. कंपनी म्हणजे काय हे मला त्या खोलीत जेवढे समजले तेवढे पुढे वर्गातल्या केसमध्येही समजले नाही.

थांबण्याचा दुसरा फायदा कोरडा आहे. आयआयएमचे एक वर्षाचे अभ्यासक्रम बहुधा किमान चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतर घेतात, तेव्हा आज तू उंबरठ्यावर आहेस आणि पुढच्या वर्षी आत असशील. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला मी तुला पाठवणार नाही. तिथल्या वर्गात नुकतेच पदवीधर झालेले आणि दोन-तीन वर्षे नोकरी केलेलेच जास्त असतात. नेमणुकीच्या वेळी साडेपाच वर्षांचा अनुभव घेऊन त्यांच्या रांगेत उभे राहणे जड जाते, आणि तयारीही सोपी नाही. कॅट ही परीक्षा गेली काही वर्षे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते, प्रत्येक विभागाला मोजकी ४० मिनिटे असतात आणि ते गुण त्याच वर्षापुरते चालतात. जीमॅट या आंतरराष्ट्रीय प्रवेशपरीक्षेचे गुण पाच वर्षे चालतात, आणि एक वर्षाचे बहुतेक अभ्यासक्रम ते स्वीकारतात. तेव्हा एप्रिलनंतर बेंचवर, म्हणजे दोन प्रकल्पांमधल्या रिकाम्या काळात, आलीस की पहिल्या दोन महिन्यांत जीमॅट देऊन टाक. बेंचचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

संस्थांच्या क्रमवारीवर मी पानेच्या पाने लिहिणार नाही. हैदराबाद-मोहालीची आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) आणि अहमदाबाद, बंगळूर, कोलकाता इथल्या आयआयएमचे एक वर्षाचे अभ्यासक्रम यांवर तुझे लक्ष आहेच. त्यात पवईजवळच्या आयआयएम मुंबईची भर घाल. ती २०२३ पर्यंत 'नीटी' या नावाने चालत होती आणि उत्पादन, गोदाम व पुरवठा साखळी हेच तिचे घराणे आहे, त्यामुळे तुझ्यासारखीला तिथे पहिल्या दिवसापासून बोलायला लोक सापडतील. तिथे तुझ्या अनुभवाला बसणारा कोणता अभ्यासक्रम आहे ते मात्र स्वतः तपास. तुझ्या धाकट्या भावाबद्दलही विचारले आहेस. त्याचा अनुभव एकच वर्षाचा असेल तर त्याने राज्याची सीईटी देऊन चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेचा प्रयत्न अवश्य करावा. मुंबई विद्यापीठाची ती १९६५ सालची संस्था आहे आणि तिथले शुल्क मोठ्या खासगी संस्थांच्या मानाने बरेच कमी आहे.

पैशांचा हिशेब मात्र कागदावर मांड, मनात नको. मोठ्या आयआयएमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क आता २५ लाखांच्या पुढे आहे. आयएसबीचा एका वर्षाचा खर्च राहण्याजेवणासह ४० लाखांच्या पुढे जातो. दोन वर्षांचा स्वस्त वाटतो तो बुडालेला पगार न धरल्यामुळे. तुझ्या हातात महिन्याला १ लाख १० हजार येत असतील, तर चोवीस महिन्यांत २६ लाख ४० हजार बुडतात आणि बारा महिन्यांत १३ लाख २० हजार. आता कर्ज. ३० लाख रुपये साडेनऊ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३८,८०० रुपयांच्या आसपास बसतो. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो म्हणून माणसे निर्धास्त राहतात, पण व्याज चालूच असते आणि न भरलेले व्याज पुढे मुद्दलात मिळते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते ती जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत मिळत नाही, तेव्हा बँकेतला माणूस सांगेल त्यातले अर्धेच धर. आणि बाबा गावाकडची जमीन तारण ठेवतो म्हणतील तर त्यांना एवढेच विचार, की हप्ता भरता आला नाही तर काय करायचे ठरले आहे. उत्तर ठरलेले असेल तर ठेवा.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत ज्या एमबीएला 'स्टेम'चा (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांचा) दर्जा असतो त्यानंतर तीन वर्षे काम करता येते, पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळेलच असे नाही, आणि कर्ज मात्र डॉलरच्या पगाराच्या भरवशावर काढलेले असते. फ्रान्स-सिंगापूरच्या इन्सीड या संस्थेचा एमबीए दहा महिन्यांत उरकतो. परदेशातच राहायचे आहे असा तुझा ठाम निश्चय असेल तर जा. केवळ मैत्रिणी गेल्या म्हणून जाऊ नकोस.

अर्जासोबतच्या निबंधाचा तू पाठवलेला मसुदा वाचला. 'बारा जणांच्या चमूचे नेतृत्व केले, प्रकल्प वेळेत पूर्ण केला, ग्राहकाचे समाधान झाले.' हे वाक्य मी स्वतः लिहिले होते, जवळजवळ याच शब्दांत. तुझ्या पत्राच्या शेवटी मात्र तू सहज एक गोष्ट लिहून गेली आहेस, की कारखान्यातला स्टोअरकीपर नव्या सिस्टिममध्ये नोंद झाल्यावरही स्वतःच्या वहीत माल उतरवून घेतो, आणि महिन्याअखेर त्याची वहीच बरोबर निघते. निबंध तिथे आहे. त्याची वही बरोबर का निघते? आलेला माल तपासणीत अडकलेला असतानाच कोणी तो वापरायला घेतो का? ट्रक रात्री येतो आणि नोंद सकाळी होते का? आणि त्या चुकीच्या आकड्यावर भरवसा ठेवून कंपनी वर्षाला किती जास्तीचा माल मागवते, ते रुपयांत किती?

म्हणून आधीचा मसुदा बाजूला ठेव. येत्या आठवड्यात त्या स्टोअरकीपरसोबत एक पाळी काढ, शक्यतो रात्रीची, कारण ट्रक तेव्हाच येतात. बरोबर लॅपटॉप नेऊ नकोस, तो बघितला की माणसे सिस्टिमची तक्रार करू लागतात आणि आपणही उत्तरे देत बसतो. त्याच्या वहीची दोन पाने त्याच्या परवानगीने उतरवून घे आणि शनिवारी ती घेऊन घरी ये. दहानंतर मी मोकळी आहे.

तुझी,
एक जुनी सहकारी