फ्लेक्स करण्याआधी

चि. ...... यास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. यात्रा कमिटीने देवळाच्या कमानीवर लावायला फ्लेक्स सांगितलाय. तोकडे व अंगप्रदर्शन करणारे कपडे घालून येणाऱ्यांना प्रवेश नाही, खाली संस्कृतीचं भान ठेवा, आणि त्याच्याही खाली कमिटीतल्या सगळ्यांचे हात जोडलेले फोटो. डिझाईन तयार झालं आणि बहिणीने विचारलं, "दादा, फुलीखाली चित्र बाईचंच का टाकलंस?" तिथे तुझी गाडी अडली. बहिणीचं बरोबर वाटतं आणि समाज बिघडत चाललाय हेही खरं वाटतं, म्हणून बाईंना विचारायचं.

बरं केलंस. पण 'मनाला पटेल ते कर' असलं काही माझ्याकडून निघणार नाही. मनाला काय, कशालाही पटवता येतं.

मी कपड्यांच्या बाबतीत जुन्या वळणाची बाई आहे, हे तुला माहीत आहे. सुती साडीला खळ घातल्याशिवाय मी अजून बाहेर पडत नाही. सकाळी गाऊनवर ओढणी टाकून दूध आणायला निघालेल्या बायका मला बघवत नाहीत, आणि बनियन-बर्म्युड्यात कट्ट्यावर पोट खाजवत बसलेले बाप्ये तर त्याहून नाही. चार माणसांत जाताना नीटनेटकं जावं, तो त्या चार माणसांचा मान असतो. हे मी तुम्हाला वर्गात सांगत आले आणि त्यातला एक शब्द मागे घेत नाही. देवळात जातानाही विचार करून कपडे घालावेत. मान्य.

माझा हट्ट वेगळाच आहे, आणि तो तू पाठ करून ठेव. कुठलाही नियम समोर आला की तो कोणाच्या अंगावर पडतो ते आधी बघ. मजकूर नंतर वाच.

'समाज बिघडला' ही ओरड तुझ्या कमिटीची नवी नाही. कलियुग आपल्याकडे कायमचंच मुक्कामाला आहे. सतराव्या शतकात खुद्द तुकोबांनी तक्रार केलीय, ब्राह्मणांनी आचार सोडले, टिळे लपवायला लागले, विजारी घालायला लागले. विजार रे! आज तुमचे अध्यक्ष कडक इस्त्रीची विजार घालून संस्कृतीवर बोलतात. पण तुकोबा विजारीपाशी थांबले नाहीत. त्याच अभंगात पुढे ते तक्तावर बसून लोकांना अन्नावाचून छळणाऱ्यांना धरतात, मग प्रजेला पिडणाऱ्या राजाला. तुमची कमिटी विजारीच्या पुढे सरकतच नाही, हे माझं दुखणं.

तू लिहिलंयस की महिला मंडळाचाही पाठिंबा आहे, मग प्रश्न कुठे येतो. येतो. ऐक.

माझ्या आजोबांची थोरली बहीण आमच्याच घरी असायची. आम्ही तिला मोठी आत्या म्हणायचो. लहानपणीच विधवा झालेली. विटक्या तांबड्या रंगाचं बिनकाठाचं आलवण, डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढलेलं, आणि आत चोळी नाही. चोळी घालायची तिला मुभाच नव्हती, आमच्या ब्राह्मणी घरांतला रिवाज तसा होता. संस्कृती तेव्हा बाईच्या अंगावरून चोळी काढून घेत होती आणि त्याला कोणी अंगप्रदर्शन म्हणत नव्हतं. ठरल्या दिवशी न्हावी मागल्या दाराने यायचा. गोठ्याशेजारच्या पडवीत ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि आम्हा पोरांना तिकडे फिरकायची बंदी. मी एकदा दाराच्या फटीतून बघितलं. वस्तरा फिरून झाल्यावर ती दोन्ही तळव्यांनी सगळं डोकं चाचपत होती, एखादा केस राहिला की काय म्हणून.

आता पुढचं. मी पहिल्यांदा बिनबाह्यांचं पोलकं शिवलं तेव्हा घरात सगळ्यांत मोठा गहजब कोणी केला असेल? तिनेच. ज्याच्या अंगावर नियम पडतो त्याला त्याची इतकी सवय होते की तोच पुढे राखण करत बसतो. म्हणून महिला मंडळाच्या सह्या मला दाखवू नकोस. सह्या आत्यानेही केल्या असत्या. तिला कुठला रंग आवडायचा हे मी तिला कधी विचारलं नाही, ते मात्र मला अजून खातं.

आणि हे फक्त आमच्या घरांतलं म्हणून सोडून देऊ नकोस. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी बायकांची वेगळी सभा घेतली. लुगडं गुडघ्यापर्यंत आखूड नेसायचं, गळ्यात-हातांत चांदी-कथलाचे ढीगभर दागिने घालायचे, ही तुमची अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारी खूण आहे, ती टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी लगोलग लुगडी घोट्यापर्यंत सोडून नेसायला सुरुवात केली. नीट लक्ष दे. तिथे आखूड नेसणं हा दंडक होता आणि पायघोळ नेसणं हा माज. तुझ्या फ्लेक्सवर नेमकं उलटं लिहिलंय. कापडाची लांबी उलटी झाली, पण 'तुम्ही कसं नेसायचं ते आम्ही ठरवणार' हे जिथल्या तिथे आहे. म्हणून सांगते, लांबी मोजू नकोस, नियम कोणाच्या अंगावर पडतो ते बघ.

बूट-मोजे घालून नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणाऱ्या आनंदीबाई जोशींची लोक टर उडवायचे. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या. आज पाडव्याच्या शोभायात्रेत मुली फेटा बांधून, शिवलेली नऊवारी घालून बुलेट चालवतात आणि त्या फोटोवर सगळे 'आपली संस्कृती' लिहितात. बाईच्या डोक्याला पुरुषाचा फेटा! माझ्या आजीने बघितलं असतं तर अंथरूणच धरलं असतं. (मला स्वतःला छान वाटतं ते. त्या गॉगलचं तेवढं काय ते कळत नाही.) आणि काष्टा घातलेल्या नऊवारीत पोटऱ्या दिसतात, हे कमिटीला कोणीतरी सांगायला हवं. गाभाऱ्यातला पुजारी सोवळ्यात उघड्या अंगाने उभा असतो. गोकर्णाला पुरुषांना सदरा काढल्याशिवाय आत सोडत नाहीत. म्हणजे उघडं अंग देवाला चालत नाही असं काही दिसत नाही. ते कोणाचं, एवढाच प्रश्न.

मे २०२३ मध्ये तुळजापूरला असाच फलक लावला होता. त्यात हाफ पँट आणि बर्म्युडाही होते, म्हणजे तुमच्यापेक्षा ते बरे. तरी गदारोळ झाला आणि फलक लगेच मागे घ्यावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत सिद्धिविनायकानेही कपड्यांचा नियम जाहीर केला. तेव्हा तुमची कमिटी काही जगावेगळं करत नाहीये. सरकारनेही डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांनी कार्यालयात जीन्स-टीशर्ट घालू नये असं परिपत्रक काढलं होतं. त्यावर मला फारसं भांडावंसं वाटलं नाही. का? ते साहेबालाही लागू होतं आणि शिपाई बाईलाही, आणि पगार देणाऱ्याने कामाच्या जागेपुरतं सांगितलं होतं. बघ, हा हट्ट सोडला नाही की माणूस आपोआप आंधळा विरोधकही होत नाही.

आता तुझा मोठा प्रश्न. समाज बिघडतोय का?

काही बाबतींत सुधारलाय, आणि ते म्हणायला लाजू नकोस. १८९१ साली मुलींचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचं किमान वय, दहावरून बारा करायचा कायदा आला तेव्हा धर्म बुडाला म्हणून पुण्यात रान उठलं होतं. दहावरून बारा! आज ते आकडे वाचूनच तुझ्या पोटात कालवेल. आणि काही बाबतींत खरोखर बिघडलाय. २००१ साली महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ च्या जनगणनेत त्या ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात ८०७. दहा वर्षांत रस्ते झाले, घराघरांत मोबाइल आले, सोनोग्राफीची मशिनं आली, आणि मुली कमी झाल्या. जी जन्मालाच आली नाही तिच्या कपड्यांचा प्रश्न मिटला. त्या ऱ्हासावर तुमच्या गावात फ्लेक्स लागला होता का? कोणाचा हात जोडलेला फोटो होता त्यावर?

हे लिहिताना मला राग येतोय, तो तुझ्यावर नाही. थोडा तुझ्यावरही आहे. कारण यात्रेच्या दुसऱ्या रात्री ऑर्केस्ट्रा असतो हे तू मेसेजमध्ये लिहिलंच नाहीस. मी त्या गावात नोकरी केलीय. नाचायला येणाऱ्या मुलींची सुपारी कोण देतं, पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर कोण बसतं, नोटा कोण उधळतं, मला ठाऊक आहे. सकाळी कमानीवर तोकडे कपडे बंद आणि रात्री स्टेजवर तेच कपडे वर्गणीतून. त्या मुलींना मी एका शब्दाने बोलणार नाही, त्या पोटासाठी नाचतात. पण त्यांची बिदागी आणि तुझ्या फ्लेक्सचं बिल एकाच वहीत लिहिलं जाणार आहे, हे तुला दिसत कसं नाही?

तू म्हणशील, मी साधा डिझायनर, मजकूर त्यांचा, माझा काय संबंध? ही पळवाट माझ्यापुढे नको. १८९० साली मुंबईत न्हाव्यांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे होते. त्या न्हाव्यांचा काय संबंध होता? केशवपनाचा नियम त्यांचा नव्हता, त्या बायका त्यांच्या घरातल्या नव्हत्या, आणि गिऱ्हाईक तुटणार होतं ते त्यांचंच. पण वस्तरा त्यांच्या हातात होता. इतकी मोठी गोष्ट होऊनही पुढे कित्येक वर्षं आमच्या मागल्या दारी न्हावी येतच राहिला, हेही सांगते. एका सभेने सगळं सुटतं असं मी म्हणत नाही.

माझं काय झालं ते तुम्ही पोरं एकमेकांत बोलायचा, मला कळायचं. ज्युनियर कॉलेजात मुलींना जीन्स बंद करायचा ठराव आला तेव्हा मी विचारलं, मुलांच्या शर्टाची वरची उघडी बटणं कोणत्या ठरावात येतात? सगळे हसले. मग मी म्हटलं, माझा विरोध इतिवृत्तात लिहा. तेव्हा हसणं थांबलं. विरोध लिहिला गेला, ठराव तरीही पास झाला, आणि पुढे उपप्राचार्यपद माझ्याकडे यायचं होतं ते माझ्यापेक्षा ज्युनियर माणसाकडे गेलं. बाई हट्टी आहेत, सांभाळून घेता येत नाही, असं कारण कानावर आलं. मला त्याचं काही वाटत नाही असं मी इतकी वर्षं सांगत आले. वाटतं. केबिनची खिडकी आंब्याच्या झाडाकडे उघडायची, ती मला हवी होती. पण त्या दिवशी मी गप्प बसले असते तर सरळ झाले नसते, फक्त सोयीची झाले असते. माझ्या मिस्टरांना हे कधी पटलं नाही. त्यांचं म्हणणं, एका ओळीसाठी एवढं? हो, एवढं. ज्यांच्या अंगावर तो नियम पडत होता त्यांतली एकही त्या खोलीत बसलेली नव्हती, मग ती ओळ लिहायची कोणी?

तेव्हा आता काय करायचं ते सांगते, आणि फाटे फोडू नकोस.

फ्लेक्स मुकाट्याने करून देऊ नकोस आणि फोन बंद करून पळूही नकोस. कमिटीच्या बैठकीला जा. मजकूर बदलून ने: 'दर्शनाला येताना सर्वांनी नीटनेटका पोशाख करावा ही विनंती.' सर्वांनी. बाईचं चित्र काढ, फोटोही काढ. कमानीपाशी धुतलेली उपरणी आणि लुंग्या ठेवायला सांग, ज्याला लागेल तो घेईल, लांबून चालत आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं नाही. आणि त्याच मापाचा दुसरा फ्लेक्स स्वतःच्या खर्चाने करून ने, गेल्या यात्रेच्या जमाखर्चाचा. वर्गणी किती, मांडव किती, डीजे किती, ऑर्केस्ट्रा किती. बघू तो कोण लावू देतं.

भांडण होईल. वडिलांना कोणीतरी पारावर गाठून 'पोरगं शहाणं झालंय' म्हणेल. त्यांना आधीच कल्पना देऊन ठेव, त्यांनी हे बाहेरून ऐकता कामा नये. बहिणीला बैठकीला नेता आलं तर ने, पण तिला पुढे करून स्वतः मागे उभा राहू नकोस. आणि अध्यक्षांशी बोलताना आवाज चढवायचा नाही, वयाने मोठे आहेत.

मूळ मजकूरच पास झाला तर तुझा विरोध इतिवृत्तात लिहून घे, नावासकट. तुमच्याकडे इतिवृत्त कोण लिहितं? बहुतेक कोणीच नाही. मग वही-पेन तूच घेऊन जा, आणि उठायच्या आधी सगळ्यांच्या सह्या घे.

तुझ्या
बाई

ता. क. पिवळ्यावर लाल अक्षरं लांबून वाचता येत नाहीत, हे तुला दहावीच्या हस्तलिखितापासून सांगतेय.