खोलीत जमते, घरी का जमत नाही?

प्रश्न : माझे वडील चाळीस वर्षे कोल्हापुरी चपला करत आले. पाच महिन्यांपूर्वी अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचा उजवा हात अधू झाला. फिजिओथेरपीच्या खोलीत ते प्लास्टिकचा पेला वीस-वीस वेळा व्यवस्थित उचलतात. घरी पाण्याचे भांडे समोर ठेवले की डावाच हात पुढे करतात. आबा टाळाटाळ करतात, की उपचारच चुकतो आहे?
– एक वाचक, सुभाषनगर, कोल्हापूर

उत्तर : आबांना टाळाटाळ करणारे म्हणू नका. झटक्यानंतरच्या काळात उजव्या हाताला पुन्हा पुन्हा अपयश आले आणि डाव्याने काम भागले, म्हणजे तो हात न वापरणे हेही मेंदू शिकतो. उपचार बहुधा चुकलेला नाही, पण सराव अर्ध्या वाटेवर थांबलेला दिसतो.

खोलीत पेला किती सफाईने उचलला, ही त्या वेळची कामगिरी झाली. दुसऱ्या दिवशी, निराळ्या जागी, कोणी न सांगता तो उचलता आला, तरच हालचाल शिकली गेली असे आम्ही मानतो. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांनी विद्यार्थ्यांना हाताच्या तीन ठरावीक हालचाली शिकवल्या. एकच हालचाल सलग घोटणारे सरावात सरस ठरले. दहा दिवसांनी मात्र तिन्ही हालचाली उलटसुलट क्रमाने केलेले पुढे होते. तो प्रयोग निरोगी माणसांवरचा आहे आणि अगदी सुरुवातीला सलग सरावही लागतो. पण आबा आता त्या टप्प्यापुढे आले आहेत.

दुसरी गोष्ट आबांना सहज पटेल. १९२० च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइन या संशोधकांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचाली टिपल्या. घाव नेमका बसे, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचा मार्ग दर वेळी थोडा वेगळा असे. चामडे कुटताना आबांचाही हात असाच चालत असणार. कसब म्हणजे एकाच हालचालीची नक्कल नव्हे, दर वेळी तेच काम नव्याने साधणे आहे, म्हणून वस्तू, उंची आणि अंतर बदलत राहा: कधी ओट्यावरची वाटी, कधी मांडीवरचा टॉवेल, कधी अर्धे भरलेले भांडे. पाणी गारच असू द्या.

घरच्यांनी सूचना मात्र आवराव्यात. ‘कोपर सरळ, बोटे उघडा’ असा सतत मारा झाला की रुग्ण त्या आवाजावर विसंबतो. ‘भांडे या ताटात ठेवा’ एवढे म्हणून थांबा. चुकले तर दोन-चार प्रयत्न होऊ द्या, मग एकच दुरुस्ती सांगा. ही घाई माझ्याकडूनही पुष्कळदा झाली आहे, म्हणून आग्रहाने लिहितो.

रापी, म्हणजे चामडे कापायचे धारदार हत्यार, सध्या देऊ नका. चामड्याची पट्टी त्यांच्यासमोर ठेवा आणि उजव्या हाताने ती दाबून धरायला सांगा. खांदा दुखू लागला तर हात ओढू नका; तेवढ्यापुरता सराव थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि त्यांना हेही विचारा, की पुढच्या वेळी पेल्याऐवजी आबांची पट्टी आणली तर चालेल का.